एआय शिकायचंय? मग ज्या कामात तुम्ही मुरलेले आहात, तिथूनच सुरुवात करा

एआयची साधनं शिकायला बसणारी बहुतेक माणसं पहिल्याच दिवशी एक गोष्ट उलटी करतात. आपल्याला जे अजिबात माहीत नाही, तेच विचारून बघतात. कृष्णविवर कसं तयार होतं, पैसे कुठे गुंतवावेत, अमुक कायदा काय सांगतो. समोर झरझर उत्तर उमटतं. भाषा सफाईदार, मुद्दे नीट मांडलेले, आणि वाचणारा भारावून जातो. पण ते उत्तर बरोबर आहे की नाही, हे जोखायला त्याच्याकडे काही नसतं. अशा सुरुवातीतून साधन कळत नाही. फक्त त्याच्यावर विसंबायची सवय लागते.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिले काही दिवस एआयला फक्त तुमच्या हातखंड्यातल्या विषयावर बोलतं करा. तुम्ही हिशेब ठेवत असाल तर हिशेबावर, शिकवत असाल तर तुमच्या धड्यावर, शिवणकाम करत असाल तर कापडावर. तिथे ते कुठे चुकतं हे तुम्हाला लगेच दिसेल. या लेखातली प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, महागडा संगणकही लागत नाही. साधा फोन पुरतो, मात्र लांब मजकुरावर काम करायचं असेल तर मोठा पडदा आणि कीबोर्ड बरा.

आत काय चालतं, एवढं आधी समजून घ्या

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट या सगळ्यांच्या पोटात एक भाषा-मॉडेल असतं. अफाट मजकूर पुरवून त्याला मुळात एकच गोष्ट शिकवलेली असते: आत्तापर्यंतचं लिखाण पाहून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधणं. या तुकड्याला टोकन म्हणतात. तो कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग. एक तुकडा लिहायचा, तो धरून पुढचा निवडायचा, असं करत करत अख्खं उत्तर तयार होतं. त्यावर माणसांनी चांगल्या-वाईट उत्तरांची निवड करून त्याला संवादाचं आणि सूचना पाळण्याचं वळण लावलेलं असतं.

हे क्षेत्र काही काल जन्मलेलं नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवलेल्या उन्हाळी कार्यशाळेपासून ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं. आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं केलं आणि ही गोष्ट प्रयोगशाळेतून सामान्य माणसाच्या हातात आली.

‘पुढच्या तुकड्याचा अंदाज’ हे एवढं सूत्र लक्षात ठेवलं, तर या साधनांच्या बऱ्याचशा विचित्र वागण्याचा उलगडा होतो. ठाऊक नसलेल्या जागी ते गप्प बसेलच असं नाही. तिथे शोभेल असा मजकूर ते रचून देऊ शकतं, आणि तोही खऱ्या माहितीच्याच आत्मविश्वासाने. याला हॅल्युसिनेशन म्हणतात. मराठीत सरळ थाप म्हटलं तरी चालेल, फक्त त्यामागे फसवण्याचा हेतू नसतो. एकच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात, कारण तुकडा निवडताना थोडी यादृच्छिकता, म्हणजे फासे टाकल्यासारखी निवड, मुद्दाम ठेवलेली असते. एखाद्या शब्दात अमुक अक्षर किती वेळा आलं, अशा बालिश वाटणाऱ्या प्रश्नात ते अडखळू शकतं, कारण त्याच्यापुढे अक्षरं नसतात, टोकन असतात. आणि त्याला पुरवलेला मजकूर एका ठरावीक तारखेला थांबतो. त्यानंतरचं त्याला वेबवर शोध घेतल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. चालू चॅटमध्ये आधी जे लिहिलंय, ते मॉडेलच्या डोळ्यांपुढे असतं. पण त्यालाही मर्यादा आहे. चॅट फारच लांबली की सुरुवातीच्या सूचना निसटू लागतात. नवीन चॅट उघडली की पाटी कोरी. काही साधनांत ‘मेमरी’ नावाची सोय असते, ती चालू असेल तर जुन्या गप्पांतल्या काही गोष्टी पुढेही वापरल्या जातात. ती चालू आहे की बंद, हे सेटिंग्जमध्ये जाऊन बघून ठेवा.

लगेच एक छोटा प्रयोग करा. तुमच्या विषयातला एक प्रश्न दोन वेगळ्या नवीन चॅटमध्ये शब्दशः तसाच विचारा आणि उत्तरं शेजारी ठेवून वाचा. कुठे जुळली, कुठे फाटे फुटले ते पाहा. वर लिहिलेलं सगळं या एका प्रयोगात डोळ्यांना दिसतं.

पहिली पायरी: एकच साधन निवडा

ओपनएआयचं चॅटजीपीटी, गूगलचं जेमिनी, अँथ्रॉपिकचं क्लॉड, मायक्रोसॉफ्टचं कोपायलट. यांतलं कोणतंही घ्या. सगळ्यांची मोफत आवृत्ती आहे आणि शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. पाच साधनांत एकेक दिवस भटकण्यापेक्षा एकाच साधनावर महिनाभर हात बसू द्या.

अ‍ॅप उतरवताना नाव आणि कंपनी नीट तपासा. प्रसिद्ध साधनांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेतलेली, पैसे उकळणारी अ‍ॅप खूप आहेत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पुढे गेलेलं बरं. अकाउंट काढल्यावर दोन कामं लगेच उरका: दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री करून घेणारी सोय) चालू करा, आणि तुमच्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरल्या जाव्यात का, या पर्यायावर तुमचा निर्णय घ्या.

दुसरी पायरी: परीक्षक व्हा

आता तुमच्या हातखंड्यातला विषय घ्या आणि तीन प्रकारचे प्रश्न विचारा. पहिला, पुस्तकात सहज सापडेल असा. दुसरा, फक्त अनुभवातून कळणारा: काम कुठे बिघडतं, नवशिका कुठे हमखास चुकतो. तिसरा, ज्यात एखादी चुकीची गोष्ट तुम्ही मुद्दाम गृहीत धरली आहे. उदाहरणार्थ, परिचारिकेने चुकीची पद्धत खरी मानून विचारावं, ‘असं करताना किती वेळ थांबायचं?’ साधन तुमची चूक दाखवतं की निमूटपणे मान्य करून पुढे जातं, हे पाहण्यासारखं असतं.

उत्तर कागदावर छापा किंवा दुसऱ्या फाइलमध्ये उतरवा आणि वहीत गुण द्यावेत तशा खुणा करा. हे बरोबर. हे चूक. हे बरोबर आहे पण माझ्या परिस्थितीत लागू नाही. हे इतकं मोघम आहे की बरोबर-चूक काहीच म्हणता येत नाही. ही शेवटची खूण सर्वांत जास्त वेळा करावी लागेल, आणि तीच सर्वांत शिकवून जाते. सफाईदार वाक्यांच्या आड किती कमी माहिती दडलेली असते, हे आपल्या विषयात लगेच जाणवतं. परक्या विषयात तेच वाक्य आपल्याला विद्वत्तेचं वाटतं.

काही बैठकांनंतर तुमच्या हाताला एक अंदाज येतो. सर्वसाधारण समजावणी ते उत्तम करतं. नेमके आकडे, तारखा, नावं, संदर्भ, फार बारीक स्थानिक तपशील इथे घसरतं. फार थोड्या ठिकाणी लिहिलं गेलेलं ज्ञान त्याच्याकडे विरळ असतं. हा अंदाज घेऊन तुम्ही परक्या विषयात गेलात, तर तिथेही कोणत्या वाक्यापाशी थांबून तपासायचं ते कळतं.

इथे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांच्या अनुभवाची आठवण ठेवावी. त्यांनी एमआयटीमध्ये एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९६६ मध्ये त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. तो समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, त्याला काहीही समजत नव्हतं. तरी माणसं त्याच्याशी मन मोकळं करू लागली आणि वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाले. आजची साधनं एलायझापेक्षा कितीतरी पटींनी समर्थ आहेत, पण नीट बोलणाऱ्या यंत्रावर भाळण्याचा आपला स्वभाव तोच आहे. परीक्षकाची खुर्ची सोडू नका, ती यासाठी.

तिसरी पायरी: मागणी कमी, माहिती जास्त

साधनाला आपण जे लिहून देतो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. ‘जादुई प्रॉम्प्ट’च्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यांच्या मागे लागू नका. ‘तू जगातला सर्वोत्तम लेखक आहेस’ असं लिहिण्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या अनेक पट फरक तुमच्या कामाची खरी माहिती दिल्याने पडतो.

समजा, इमारतीतल्या रहिवाशांसाठी सूचना लिहायची आहे. ‘पाणी बंद असल्याची सूचना लिही’ एवढंच म्हटलं तर गुळगुळीत, कुठेही चिकटवता येईल असा मजकूर मिळेल. त्याऐवजी असं लिहून पाहा:

‘आमच्या इमारतीच्या फलकावर लावायची सूचना लिही. शनिवारी सकाळी १० ते दुपारी ४ टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील. लोकांनी आदल्या रात्री पाणी भरून ठेवावं आणि नळ बंद आहेत ना ते बघावं. ज्येष्ठांना उभ्याने वाचता यावं म्हणून पाच ओळींच्या वर नको. भाषा साधी. मागच्या वेळी काम उशिरा संपलं म्हणून लोक नाराज आहेत. यावेळी वेळ पाळली जाईल असं एक वाक्य हवं, पण गयावया नको.’

यात शब्दांची कसलीही करामत नाही. कोणासाठी, कशासाठी, किती लांब, कोणता सूर, मागे काय घडलंय, एवढंच आहे. यातली शेवटची गोष्ट, म्हणजे पार्श्वभूमी, लोक नेहमी विसरतात. ती आपल्या डोक्यात इतकी पक्की असते की ती सांगायची राहून गेली आहे हेच लक्षात येत नाही. नव्याने कामावर आलेल्या, हुशार पण आपल्याबद्दल काहीच न जाणणाऱ्या माणसाला काम समजावताना जे सांगाल, ते सगळं इथे लिहा.

काय सांगायचं तेच सुचत नसेल, तर उलट करा. ‘हे पत्र लिहिण्याआधी तुला जी माहिती लागेल ती मला विचार. एका वेळी एकच प्रश्न.’ ही एक ओळ नवशिक्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते. प्रश्नांची उत्तरं देता देता आपल्याला नेमकं काय हवंय, हे आपल्यालाच स्पष्ट होत जातं.

वर्णन करण्यापेक्षा नमुना दाखवणं पुष्कळदा सोपं पडतं. ‘जिव्हाळ्याची पण नेमकी भाषा’ असं म्हणत बसण्यापेक्षा तुमचीच दोन जुनी पत्रं पेस्ट करा आणि म्हणा, ‘या धाटणीत लिही.’ २०२० मध्ये जीपीटी-३ या भाषा-मॉडेलवरच्या शोधनिबंधात ओपनएआयच्या संशोधकांनी हेच दाखवलं होतं: मॉडेल पुन्हा न शिकवता, नुसत्या प्रॉम्प्टमध्ये काही उदाहरणं दिली तरी अनेक कामांत ते कितीतरी सरस ठरतं. वर्गवारी, यादी साफ करणं, एका साच्यात माहिती भरणं अशा कामांत दोन-तीन नमुने दिल्याशिवाय सुरुवातच करू नये.

पहिला मसुदा सहसा अर्धवटच येतो. तो टाकून देऊ नका आणि ‘अजून छान कर’ असंही म्हणू नका. बोट ठेवून सांगा: ‘दुसरं वाक्य काढ. तिसऱ्यात कारण आधी येऊ दे. “कृपया” एकदाच.’ दोन-तीन फेऱ्यांनंतरही गाडी रुळावर येत नसेल, तर त्याच चॅटमध्ये वाद घालत बसू नका. फसलेले मसुदेही मॉडेलच्या नजरेसमोर असतात आणि पुढचा मजकूर त्यांच्याकडे ओढला जातो. नवीन चॅट उघडा, शिकलेलं सगळं घालून प्रॉम्प्ट नव्याने लिहा. बहुतेक वेळा तिढा इथेच सुटतो.

गणिताचा, नियोजनाचा किंवा तुलनेचा प्रश्न असेल तर ‘टप्प्याटप्प्याने मांड, शेवटी उत्तर दे’ असं सांगायची पद्धत आहे. नवी ‘विचार करणारी’ मॉडेल हे आपणहून करतात. तरी टप्पे समोर मागून घ्या, कारण चूक कुठे शिरली ते त्यांवरून शोधायला जागा मिळते.

चौथी पायरी: आपला मजकूर त्याच्या हाती द्या

एआयला त्याच्या आठवणीतून बोलायला लावण्यापेक्षा, तुम्ही दिलेल्या मजकुरावर काम करायला लावणं कितीतरी भरवशाचं. बैठकीची विस्कळीत टिपणं, लांबलचक नियमावली, पंधरा पानी अहवाल ही त्याची खरी कामं.

टिपणं पेस्ट करून लिहा: ‘यातून निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असा तक्ता कर. टिपणात नाव किंवा मुदत नसेल तिथे “उल्लेख नाही” असं लिही, अंदाज करू नको. प्रत्येक ओळीपुढे टिपणातलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे.’ शेवटच्या दोन सूचना कधीही गाळू नका. ‘उल्लेख नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवली की रिकामी जागा थापेने भरण्याचं प्रमाण कमी होतं. मूळ वाक्य समोर असलं की ते मजकुरात शोधून काही सेकंदांत खात्री करता येते.

दस्तऐवज फार मोठा असेल तर तुकडे करून द्या. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल नीट वापरतात, मधली मात्र दुर्लक्षित राहते, असं २०२३ मधल्या संशोधनात आढळलं होतं. नवी मॉडेल याबाबतीत सुधारली आहेत, तरी महत्त्वाच्या कागदाबद्दल प्रकरणवार विचारलेलं बरं. गूगलचं नोटबुकएलएम हे साधन याच कामासाठी बनवलेलं आहे. तुम्ही चढवलेल्या कागदांवर आधारून ते उत्तर देतं आणि उत्तरातला मुद्दा कागदात कुठून आला तेही दाखवतं. विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावं.

कोणतं काम एआयकडे सोपवावं, याला माझी एक साधी कसोटी आहे: करायला वेळ लागतो पण तपासायला लागत नाही, असं काम. स्प्रेडशीटचं सूत्र हे त्याचं चोख उदाहरण. ते बनवताना डोकं पिकतं, पण दोन ओळींवर चालवलं की बरोबर आहे का ते ताबडतोब कळतं. आपल्याच लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका, पर्यायी मथळे, क्लिष्ट परिच्छेदाचं सोपं रूप, प्रवासाला निघण्याआधीची यादी, मुलाखतीचे सराव-प्रश्न हे सगळं याच वर्गातलं. याउलट, जे तपासायला मुळात करण्याइतकाच वेळ लागतो, ते सोपवून काही वाचत नाही. आणि जे तुम्ही तपासूच शकत नाही आणि चुकलं तर महागात पडेल, ते त्याच्या भरवशावर अजिबात करू नका. आजाराबद्दल वाचायला ते जरूर वापरा, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी त्याच्याकडून करून घ्या. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांकडूनच.

पाचवी पायरी: पडताळणीची सवय

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका हा खटला गाजला. वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले जुने निवाडे दाखल केले होते आणि त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ‘हा निवाडा खरा आहे का?’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं गेलं होतं, आणि त्याने ‘हो’ म्हटलं होतं. न्यायालयाने वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला.

म्हणून ‘नक्की ना?’ ही पडताळणी नव्हे. या प्रश्नावर ते चुकीच्या उत्तरालाही चिकटून राहू शकतं आणि बरोबर उत्तर सोडून तुमची माफीही मागू शकतं. खरी पडताळणी चॅटच्या बाहेर होते. दुवा दिला असेल तर तो उघडा, आणि त्या पानावर ती गोष्ट खरंच लिहिली आहे का ते वाचा. कधी दुवा खरा असतो पण त्यात भलतंच असतं. आकडा मूळ अहवालात शोधा. हिशेब कॅल्क्युलेटरवर किंवा स्प्रेडशीटमध्ये पुन्हा करा. वेबशोधाची सोय चालू असली तरी हे टळत नाही, कारण सापडलेलं पान चुकीचं असू शकतं किंवा त्याचा सारांश करताना चूक होऊ शकते.

दुसरा धोका गोड बोलण्याचा. ही साधनं समोरच्याला रुचेल ते म्हणण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीच्या मॉडेलमधला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याची वाजवीपेक्षा जास्त हांजी हांजी करू लागलं होतं. यावर उपाय प्रश्नातच आहे. ‘माझी योजना कशी वाटली?’ असं न विचारता लिहा: ‘एकाने ही योजना पाठवली आहे. ती कोणत्या तीन कारणांनी फसू शकते?’ योजना तुमची आहे हे कळू देऊ नका. उत्तर बरंच परखड येतं.

उत्तराची जबाबदारी शेवटी ते आपल्या नावाने पुढे देणाऱ्यावरच येते, हेही एका प्रकरणात स्पष्ट झालं आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. कॅनडातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या सहीने जाणाऱ्या पत्रालाही हाच न्याय लावा.

मराठीत काम करताना

थेट मराठीत विचारा, देवनागरीत. टंकलेखन कंटाळवाणं वाटत असेल तर फोनवर बोलून लिहा. मोठी साधनं मराठी चांगली समजतात. लिहिताना मात्र त्यांच्या काही खोडी आहेत. वाक्यं भाषांतरासारखी येतात, ‘द्वारे’ आणि ‘करण्यात येते’ यांचा सुळसुळाट होतो, मध्येच हिंदी वळण डोकावतं, लिंग चुकतं, एकाच पत्रात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मिसळतात. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे चांगल्या मराठीचा नमुना देणं. शिवाय स्पष्ट लिहा: ‘बोलीच्या जवळची प्रमाण मराठी. कर्तरी वाक्यं. वाचणाऱ्याला सगळीकडे “तुम्ही”.’ मग मोठ्याने वाचून बघा. जीभ जिथे अडखळेल, तिथे वाक्य बदला. हे काम आपलंच आहे, आणि मराठी चांगली राहावी असं वाटत असेल तर ते टाळू नये.

तांत्रिक विषयांत इंग्रजीतली सामग्री खूप जास्त आहे. तिथे ‘इंग्रजी लेख वाच, मला मराठीत समजाव, पारिभाषिक शब्द मूळचेच ठेव’ असं सांगून चांगला फायदा होतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: तेवढ्याच मजकुराचे देवनागरीत सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन होतात, त्यामुळे मोफत आवृत्तीची मर्यादा लवकर संपू शकते. छापील पानाचा फोटो देऊन मजकूर काढून घेता येतो. हस्ताक्षरात मात्र जोडाक्षरं आणि आकडे एकेक करून ताडून पाहा.

काय कधीही देऊ नये

पासवर्ड, ओटीपी, बँक आणि कार्डाचा तपशील, ओळखपत्रांचे क्रमांक, दुसऱ्याचे वैद्यकीय अहवाल, कचेरीतली गोपनीय कागदपत्रं. नावांची गरज नसते तिथे ‘व्यक्ती अ’, ‘कंपनी ब’ असं लिहून काम तितकंच चांगलं होतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत पेस्ट केल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर निर्बंध आणले. तुमच्या कार्यालयाचं धोरण काय आहे ते आधी विचारा.

चित्र, आवाज आणि ‘एजंट’

चित्रं बनवणं मजेचं आहे आणि त्याला वेगळी शिकवणी लागत नाही: विषय, मांडणी, प्रकाश, शैली सांगा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. चित्रातली देवनागरी अक्षरं मात्र नीट वाचून पाहा, त्यांत खूप गफलती होतात. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की आवाज आणि चेहरा यांची हुबेहूब नक्कल आता शक्य आहे. हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला बनावट व्हिडिओ कॉलवर ‘वरिष्ठ’ दाखवून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर हस्तांतरित करायला लावल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. ओळखीच्या आवाजात पैशांची घाई झाली, तर फोन ठेवा आणि आपल्याकडच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करा. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

एजंट म्हणजे नुसतं उत्तर न देता ब्राउझर चालवणारी, मेल पाठवणारी, फाइली हलवणारी साधनं. नवशिक्याने त्यांना सुरुवातीला फक्त वाचायची परवानगी द्यावी. एखाद्या वेबपानात किंवा मेलमध्ये लपवलेली सूचना एजंट तुमचीच समजून पाळू शकतो. पाठवणं, पुसणं आणि पैसे देणं या तीन गोष्टींआधी तुमची मंजुरी विचारली जाईल, अशी मांडणी असल्याशिवाय तो वापरू नका.

पुढे शिकायचं असेल तर

मूळ संकल्पना नीट समजून घ्यायला हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये सुरू केलेला ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत अभ्यासक्रम उत्तम आहे. तो इंग्रजीत आहे, पण गणिताची भीती असलेल्यालाही झेपतो. एआय संशोधक अँड्र्यू इंग (Ng) यांचा ‘एआय फॉर एव्हरीवन’ही प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांसाठीच आहे. अडलेला परिच्छेद तुमच्या साधनाला देऊन मराठीत समजून घ्या. फक्त स्वाध्याय सोडवताना ‘उत्तर सांगू नको, एकेक इशारा दे’ असं बजावा. नाहीतर अभ्यास त्याचा होतो आणि तुम्ही होता तिथेच राहता.

आणि एक फाइल ठेवा. तुमच्या खऱ्या कामातले पाच-सहा प्रॉम्प्ट त्यात लिहा: एक पत्र, एक तक्ता, एक हिशेब, तुमच्या विषयातला तो चुकीचं गृहीत धरलेला प्रश्न, एक मराठी उतारा. प्रत्येकापुढे बरोबर उत्तर कसं असायला हवं तेही. दर काही महिन्यांनी नवीन मॉडेल येतं आणि त्याची जोरदार जाहिरात होते. तेव्हा ही फाइल उघडायची, तेच प्रॉम्प्ट जुन्या आणि नव्या साधनात चालवायचे आणि निकाल शेजारी ठेवायचे. पैसे भरून वरची आवृत्ती घ्यायची की नाही, हेही त्यावरूनच ठरवा. मोफत आवृत्ती तुमच्या कामात जिथे अडते, तिथे सशुल्क आवृत्ती अडत नसेल, तरच.